स्वस्तात वेप घ्यायचाय? मेकॅनिकल आणि रेग्युलेटेड निवडताना या चुका टाळा

"वापरलेला मेकॅनिकल मॉड पंधरा पौंडांत मिळतोय, घेऊ का?" मॉड म्हणजे वेपचा, म्हणजे निकोटीनच्या लिक्विडची वाफ देणाऱ्या ई-सिगारेटचा, सेल बसवायचा भाग. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये राहायला आल्यापासून हा प्रश्न मला कितीतरी वेळा विचारला गेलाय. विचारणारी बहुतेक शिकायला आलेली किंवा नवीन नोकरीला लागलेली आपलीच मुलं. इथे वीस सिगारेटच्या पाकिटाला पंधरा पौंडांच्या आसपास मोजावे लागतात. त्यामुळे सिगारेट सोडायची इच्छा आणि पैसे वाचवायची गरज एकदमच येतात. मी स्वतः अकरा वर्षं सिगारेट ओढली आणि वेपच्या आधाराने सोडली. म्हणून हे लिहिताना मला मनापासून वाटतं की तुमचीही सुटावी, पण हात-तोंड भाजून न घेता सुटावी.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुम्ही सिगारेट ओढत नसाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. वेप सुरूच करू नका, कारण निकोटीनची सवय लागते आणि ती सुटायला त्रास देते.

स्वस्त काय, हे फक्त किमतीच्या चिठ्ठीवर बघणं

मेकॅनिकल मॉड म्हणजे पितळेची, तांब्याची किंवा स्टीलची नळी. आत एक सेल, खाली बटण आणि वर लिक्विड तापवणारी तारेची कॉइल बसवलेला अ‍ॅटमायझर. बटण दाबलं की सेल थेट कॉइलला जोडला जातो. मध्ये चिप नाही, फ्यूज नाही, काहीच नाही. रेग्युलेटेड मॉडमध्ये सेल आणि कॉइलच्या मध्ये एक सर्किट बोर्ड असतो. तो कॉइलचा रोध मोजतो, शॉर्ट असेल तर करंट सोडतच नाही, सेल जास्त उतरला की बंद होतो आणि तुम्ही ठरवाल तेवढेच वॅट देतो.

नळी स्वस्त वाटते ती याचमुळे. जे काम चिप करते ते इथे तुम्ही करायचं असतं आणि त्याची साधनं वेगळी विकत घ्यावी लागतात. हिशेब करून बघा. पंधरा पौंडांची नळी, वर बसवायला पंधरा-वीस पौंडांचा अ‍ॅटमायझर, पाच-सहा पौंडांचा एक असे निदान दोन चांगले सेल, पंधरा पौंडांचा बाहेरचा चार्जर, रोध मोजायचा ओहम मीटर दहा-पंधरा पौंडांचा, शिवाय कॉइलची तार, लिक्विड शोषणारा कापूस, छोटा पेचकस. सत्तर पौंड कधी उडाले कळत नाही. त्याच वेळी एका सेलचा, मागच्या वर्षीच्या मॉडेलचा चांगला रेग्युलेटेड मॉड लिक्विडच्या टँकसकट पंचवीस-तीस पौंडांत मिळतो, आणि साधा पॉड, म्हणजे छोटा तयार वेप, त्याहून कमी. हातात तीस पौंड असतील तर माझं उत्तर सरळ आहे: रेग्युलेटेड घ्या. उरलेले पैसे अस्सल सेल आणि चार्जरवर घाला.

रोजचा खर्च तर बहुतेक जण मोजतच नाहीत. सिगारेटसारखा आधी तोंडात, मग छातीत असा झुरका घेणारा साधा पॉड १२ ते २० वॅटवर चालतो आणि दिवसाला दोन-तीन मिलिलिटर लिक्विड पुरतं. कमी रोधाच्या कॉइलचा मेकॅनिकल मॉड त्याच्या कितीतरी पट लिक्विड पितो, दिवसाला दहा मिलिलिटरही सहज. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलिलिटर लिक्विडवर २.२० पौंड कर लावायचं सरकारने ठरवलंय. तेव्हा जास्त वाफ म्हणजे रोजचा जास्त खर्च, हे आधी समजून घ्या.

ओहमचा नियम शाळेतच सोडून येणं

मेकॅनिकल वापरायचाच असेल तर हे गणित टाळता येत नाही. विद्युतधारा म्हणजे विभवांतर भागिले रोध. पूर्ण चार्ज झालेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट देतो. कॉइल ०.५ ओहमची असेल तर ८.४ अँपिअर, म्हणजे साधारण ३५ वॅट. कुठल्याही चांगल्या सेलला हे सहज झेपतं. कॉइल ०.२ ओहमची केली की २१ अँपिअर. ०.१५ ची केली की २८. आणि ०.१ ची केली की ४२ अँपिअर, जे १८६५० आकाराच्या (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) कुठल्याच सेलला सतत झेपणारं नाही.

सेलवर नजर टाका. सॅमसंगचा २५आर हा सेल २५०० एमएएचचा आणि २० अँपिअरचा आहे. त्यांचाच ३०क्यू ३००० एमएएचचा, पण १५ अँपिअरचा. इथे मुलं हमखास फसतात. मोठा एमएएच बघून ३०क्यू घेतात आणि त्यावर ०.२ ओहमची कॉइल लावतात. एमएएच म्हणजे सेल किती वेळ टिकेल, अँपिअर म्हणजे एका वेळी किती देऊ शकेल. टाकीत पाणी किती आणि नळातून धार किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेकॅनिकलमध्ये धार महत्त्वाची.

आणि सेलवर '९९०० एमएएच' असं छापलेलं दिसलं तर तो उचलूही नका. १८६५० आकारातले खरे सेल फार तर ४००० एमएएचच्या आसपास संपतात. त्यावरचा आकडा म्हणजे थाप. मीही एकदा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून स्वस्तात चार सेल मागवले होते. वजनाला हलके, छपाई पुसट, आणि पहिल्याच आठवड्यात एक सेल चार्जरमध्ये इतका गरम झाला की हात लावता येईना. चारही सेल पुनर्वापराच्या डब्यात टाकले. वीस पौंड गेले, त्याचं आज काही वाटत नाही.

नळीचं झाकण आणि सेलमधली पातळ जागा

ही चूक सगळ्यात धोक्याची आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

काही मेकॅनिकल मॉड 'हायब्रिड' असतात. त्यात अ‍ॅटमायझरची मधली पिन थेट सेलच्या टोकावर टेकते. सेलचं वरचं टोक धन, पण सेलचं बाहेरचं सगळं धातूचं कवच, अगदी वरच्या कडेपर्यंत, ऋण असतं. त्या दोघांच्या मध्ये असतं फक्त प्लॅस्टिकचं पातळ वेष्टण आणि एक छोटी पांढरी कडी. अ‍ॅटमायझरची पिन पुरेशी बाहेर आलेली नसेल तर त्याचे आटे धन टोक आणि कड या दोघांना एकदम टेकतात. झाला शॉर्ट. सेल स्वतःमधूनच शेकडो वॅट ओतू लागतो, आतला वायू फुगतो आणि नळीला बाहेर पडायची भोकं नसतील तर ती नळी म्हणजे तोफच. मे २०१८ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये एका माणसाचा वेपच्या स्फोटात मृत्यू झाला होता.

म्हणून हायब्रिड मॉडवर रेग्युलेटेडचा टँक कधीही लावू नका. टँकची पिन बहुधा आत दबलेली असते. टँकची किंमत वाचवायला अनेक जण हेच करतात. मॉडला भोकं आहेत का, बटणाला लॉक आहे का, हे विकत घेण्याआधी हातात धरून बघा. दोन सेल एकावर एक रचणाऱ्या नळीपासून लांबच राहा. त्यात ८.४ व्होल्ट मिळतात आणि ०.२ ओहमच्या कॉइलवरही ४२ अँपिअर खेचले जातात.

वेष्टण फाटलंय का ते प्रत्येक वेळी बघायचं. जरा जरी चिरलं असेल तर सेल वापरायचा नाही. नवी वेष्टणं एक-दोन पौंडांत डझनभर मिळतात आणि केस वाळवायच्या यंत्राच्या गरम हवेने बसवता येतात. माझ्या घरातला एक मुलगा सेल खिशात चाव्यांबरोबर घेऊन फिरायचा. एकदा बसस्टॉपवर त्याची पँट जळाली आणि मांडीवर फोड आले. पन्नास पेन्सच्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवला असता तर काही झालं नसतं. चूक त्याचीच होती आणि त्यानेही ते मान्य केलं, पण दवाखान्यात त्याच्याबरोबर बसलेलं मला अजून आठवतं.

रेग्युलेटेड आहे म्हणून निश्चिंत राहणं

रेग्युलेटेडमध्येही चुका होतात, फक्त जिवावर बेतायची शक्यता कमी इतकंच. खोक्यावर '८० वॅट' लिहिलंय म्हणून एका सेलच्या मॉडवर ८० वॅट चालवू नका. इथे गणित वेगळं आहे. सेलवरचा ताण कॉइलच्या रोधावर नाही, वॅटवर ठरतो. सेल उतरत ३.२ व्होल्टवर आला की ८० वॅटसाठी त्यातून २५ अँपिअर लागतात, आणि चिपमध्ये जाणारा थोडा वाया धरला तर २८ च्या जवळ. २० अँपिअरच्या सेलला सुमारे ५५ वॅटपर्यंतच आराम आहे.

दोन सेलच्या मॉडमध्ये सेलची जोडी एकाच दिवशी विकत घ्या, त्यावर खुणा करा, चार्जही एकत्र आणि वापरही एकत्र. एक जुना आणि एक नवा सेल घातला की जुना लवकर उतरतो आणि त्याचा जीव जातो.

निकोटीनबद्दलही चूक होते. ब्रिटनमध्ये लिक्विडमध्ये निकोटीन २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंतच चालतं आणि निकोटीनचं लिक्विड १० मिलिलिटरच्या बाटलीतच मिळतं. २० मिलिग्रॅमचं लिक्विड छोट्या पॉडसाठी आहे. तेच मोठी वाफ सोडणाऱ्या मॉडमध्ये घातलं तर दोन झुरक्यांत डोकं गरगरतं, मळमळतं, छाती धडधडते. मोठ्या मॉडला ३ किंवा ६ पुरे.

बिघडलं तर काय बघायचं

जळका वास येतोय? बहुतेक वेळा कापूस कोरडा राहिलेला असतो. नवी कॉइल लावल्यावर लिक्विड भरून दहा मिनिटं थांबा, वॅट कमी ठेवा. तरी जळका वास राहिला तर कॉइल गेली, ती टाका.

पडद्यावर 'चेक अ‍ॅटमायझर' किंवा 'नो अ‍ॅटमायझर' आलं तर घाबरू नका. टँक काढा, मॉडच्या वरच्या पिनवर साचलेलं लिक्विड कोरड्या कापसाच्या काडीने पुसा आणि टँक हलक्या हाताने पुन्हा लावा. आवळून आवळून अनेकांनी ती पिन खाली दाबलेली असते, म्हणून ती टेकत नाही. 'शॉर्ट' असं आलं तर मात्र मॉडचं ऐका. कॉइलचा पाय कुठेतरी कडेला टेकतोय.

मेकॅनिकलमध्ये अशी पाटी कधीच दिसत नाही. तिथे खुणा हातालाच कळतात. बटण गरम व्हायला लागलं तर आटे आणि टेकणारे पत्रे काळवंडलेले असतात, ते सेल काढून साफ करा. तरी गरम होत असेल तर कॉइल लगेच ओहम मीटरवर मोजा. स्क्रू सैल झाला की रोध बदलतो आणि काल ०.३ ओहम असलेली कॉइल आज तशी नसते. झुरका पूर्वीसारखा येत नाही, म्हणजे सेल उतरला. ४.२ व्होल्टला ३५ वॅट देणारी ०.५ ची कॉइल ३.४ व्होल्टला जेमतेम २३ वॅट देते. अशा वेळी ओढत बसू नका, सेल बदला, कारण इथे थांबवायला चिप नाही आणि सेल प्रमाणाबाहेर उतरला की तो पुढे चार्जरमध्येच बिघडतो.

बटण अडकलं आणि मॉड आपोआप तापायला लागला तर तो खिशात किंवा पलंगावर ठेवू नका. जमलं तर लगेच सेल बाहेर काढा. हाताला चटका बसण्याइतका तापला असेल तर तो बाहेर फरशीवर किंवा मातीवर टाकून लांब उभे राहा. सेल चार्जरवर ठेवून रात्री झोपायचं नाही, आणि मोबाइलचा जास्त वॅटचा चार्जर मॉडला लावायचा नाही.

गावी जाताना

भारतात ई-सिगारेटवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. आयात, विक्री, जाहिरात आणि साठवणूक हे सगळं गुन्ह्यात येतं. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुंबई विमानतळावर 'माझ्या वापरासाठी आहे' असं सांगून बघू, या भरवशावर राहू नका. मॉड, सेल, लिक्विड सगळं इथेच कपाटात ठेवून जा. सेल अर्धे चार्ज करून डबीत ठेवा म्हणजे महिनाभराने परत आल्यावर ठणठणीत सापडतील. तोपर्यंत तलफ आली तर निकोटीनचा गम तिथल्या औषधाच्या दुकानात मिळतो. पहिले काही दिवस जड जातात, मग हळूहळू हलकं वाटतं.