छोट्या मालवाहू ट्रेलरचा कॅम्पर: पत्रा कापण्याआधीची तयारी

बंद पत्र्याचा छोटा मालवाहू ट्रेलर घ्यायचा, प्रवासात त्यातून बाइक न्यायची आणि मुक्कामाला बाइक बाहेर काढून त्याच जागेत झोपायचं, असा बेत असेल तर सगळ्यात आधी बाइक कुठे उभी राहणार ते ठरवा. ट्रेलरमधली सगळ्यात जड आणि अडचणीची वस्तू तीच, पेट्रोल बाळगणारीही तीच. पलंग, ओटा, बॅटरी, खिडक्या हे सगळं तिच्या जागेवरून ठरतं. जे आधी झकास ओटा बसवतात, त्यांच्यावर पहिल्याच सहलीच्या आदल्या रात्री तो उचकटायची वेळ येते.

म्हणून करवतीच्या आधी मोजपट्टी आणि चिकटपट्टी हाती घ्या. ट्रेलर विकत घेण्याआधी बाइक आत चढवून बघता आली तर फारच उत्तम. सहा बाय बारा फुटी म्हणून विकला जाणारा ट्रेलर आतून सहा फूट रुंद भरत नाही, भिंतींच्या जाडीत दोन-चार इंच जातात. पूर्ण आकाराची डर्ट बाइक (कच्च्या वाटांवर चालवायची मोटरसायकल) साधारण २.१५ ते २.२ मीटर लांब आणि हँडलपाशी ८० सेंटीमीटरच्या आसपास रुंद असते. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, म्हणजे लांबीत बाइकच्या पुढे जेमतेम दीड मीटर उरतो. कायमचा पलंग तिथे उभा-आडवा कसाही बसवून बघा, मोठ्या माणसाचे पाय भिंतीला लागतात. त्यामुळे पलंग भिंतीला बिजागऱ्यांवर उचलून लावायचा किंवा छताकडे ओढून घ्यायचा, आणि तो लांबीच्या दिशेनेच उघडणारा हवा. जमिनीवर चिकटपट्टीने बाइकची चाकं, हँडलचा पसारा, उघडलेला पलंग आणि फ्रिजचं दार आखून घ्या आणि त्या रेषांमध्ये वावरून बघा. दोन बाइक असतील तर एकीचं तोंड पुढे आणि दुसरीचं मागे ठेवून किंवा एक थोडी पुढे सरकवून हँडलं एकमेकांत अडकत नाहीत ना, हे प्रत्यक्ष बघा. नुसत्या कागदी आराखड्यावर विसंबू नका.

जागा ठरली की वही काढा आणि वजनं लिहायला घ्या. ट्रेलरच्या चौकटीवर कमाल भरलेल्या वजनाची पट्टी असते. या मापाच्या एका एक्सलच्या (चाकांच्या एकाच आसाच्या) ट्रेलरवर बऱ्याचदा १३५० किलोच्या आसपासचा आकडा दिसतो, आणि रिकामा ट्रेलरच त्यातले साडेपाचशे ते सातशे किलो खातो. उरलेल्यात सगळं बसवायचं आहे. १८ मिलिमीटर प्लायवूडचा आठ बाय चार फुटी एक ताव तीसेक किलोचा असतो, १२ मिलिमीटरचा वीसेक किलोचा. भिंती, पलंग, कपाट असं करत आठ-दहा ताव कधी लागतात ते कळत नाही, आणि दोन बाइकांइतकं वजन लाकडातच जातं. जिथे भार येत नाही तिथे पातळ प्लाय किंवा अॅल्युमिनियमचे चौकोनी पाइप वापरा. वहीत प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे हवेत: तिचं वजन, आणि ती एक्सलच्या किती पुढे किंवा मागे बसणार.

दुसरा आकडा का, ते नीट समजून घ्या, कारण ट्रेलर रस्त्यावर सरळ चालणार की शेपटी हलवणार हे त्यावर ठरतं. ट्रेलरच्या एकूण वजनाचा काही भाग हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडावर, टेकलेला असावा लागतो. उत्तर अमेरिकेत १० ते १५ टक्के हा दंडक आहे. युरोपात तो कमी असतो, कारण तिथल्या गाड्यांच्या हिचची मर्यादाच कमी असते. तुमची गाडी आणि ट्रेलर यांच्या पुस्तिकांत जो आकडा कडक असेल तो धरा. आता समजा कपलरपासून, म्हणजे हिचला अडकणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या टोकापासून, एक्सल ३.३ मीटरवर आहे आणि ११० किलोच्या बाइकचा मध्य एक्सलच्या १.१ मीटर मागे येतो. ती एक बाइक हिचवरचे ३७ किलो उचलते. दोन असतील तर ७३. हजार किलोच्या ट्रेलरवर हिचचा भार बरोबर १०० किलो साधला असेल, तर तो २७ वर येईल. असा ट्रेलर उतारावर किंवा बाजूने मोठी गाडी गेल्यावर डोलायला लागतो, आणि एकदा डोलायला लागला की ब्रेक दाबून आवरत नाही. त्या वेळी हळूहळू अॅक्सिलरेटर सोडायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं, एवढंच हातात उरतं.

उपाय तयारीतच आहे. बाइक जितकी पुढे आणता येईल तितकी आणा. बॅटरी, हत्यारांची पेटी, पाण्याचे कॅन एक्सलच्या थोडं पुढे आणि खाली ठेवा. पाण्याबद्दल एक गोष्ट चटकन सुचत नाही: पुढे ठेवलेलं पाणी जाताना हिचवर भार टाकतं, परतीला ते संपलेलं असतं आणि बाइक मात्र तितकीच जड असते. हिशोब रिकाम्या कॅनवर जमला तरच तो खरा जमला.

हिचचा भार मोजायला घरातला माणसांचा वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. एक भक्कम तुळई घ्या. तिचं एक टोक विटेवर ठेवलेल्या पाइपच्या तुकड्यावर टेकवा, दुसरं काट्यावर ठेवलेल्या तशाच तुकड्यावर. दोन पाइपांमधलं अंतर बरोबर तीन फूट. काट्यावर नुसत्या तुळईचं जे वजन दिसेल ते टिपून घ्या. मग विटेकडच्या पाइपपासून एक फुटावर कपलरचा भार तुळईवर उतरवा, कपलरची उंची गाडीला जोडताना असते तितकीच ठेवून. काट्यावरच्या आकड्यातून तुळईचं वजन वजा करा आणि उरेल त्याला तीनने गुणा. हे एकदा रिकाम्या ट्रेलरवर करा, एकदा बाइक चढवून, आणि काम पूर्ण झाल्यावर सगळं सामान भरून.

बाइक बांधायच्या कड्या जमिनीच्या नुसत्या प्लायमध्ये स्क्रूने बसवू नका. खालच्या पोलादी आडव्या पट्ट्यांमधून बोल्ट आरपार गेला पाहिजे, खाली रुंद वॉशर आणि थरथरीने सैल न होणारा, आत नायलॉनची कडी असलेला पोलादी नट. या पट्ट्या ४० किंवा ६० सेंटीमीटरवर असतात, ट्रेलरखाली पडून खडूने त्यांच्या जागा आखून घ्या. पुढच्या चाकाला अडकवायला चाकाचा स्टँड, पुढे दोन आणि मागे दोन रॅचेट पट्टे. पट्टा विकत घेताना ठळक छापलेल्या तुटण्याच्या आकड्यावर जाऊ नका. सुरक्षित कामाचा भार साधारण त्याच्या एक तृतीयांश असतो, आणि तोच आपला. बाइक चढवताना ट्रेलर गाडीला जोडलेला असावा, नाहीतर मागचे आधाराचे जॅक जमिनीला टेकलेले असावेत. सुटा ट्रेलर रॅम्पवर, म्हणजे खाली पाडायच्या मागच्या दारावर, भार येताच पुढून उचलला जातो आणि बाइकसकट माणूस मागे कोसळू शकतो.

आता दाराकडे या. ही बाब अनेकांच्या यादीतच नसते, माझ्या मते मात्र ती पहिल्या पानावर हवी. मालवाहू ट्रेलरची दारं आत माल आहे असं धरून बनवलेली असतात. बाजूच्या दाराला बऱ्याचदा बाहेरून उभा पोलादी दांडा असतो, त्याची मूठ फिरवून कोयंड्यात पडते. मागच्या रॅम्पचे दांडेही बाहेरच. आत माणूस झोपलेला असताना कुणी गमतीने, किंवा दार उघडं राहिलंय असं वाटून चांगुलपणाने, ती मूठ फिरवली तर आतून काहीच करता येत नाही. झोपायचा विचार पक्का झाल्याक्षणी बाजूच्या दाराला आतून मूठ असलेलं कुलूप बसवा आणि जुना दांडा काढून टाका. त्याच्या समोरच्या भिंतीत माणूस बाहेर पडू शकेल एवढी उघडणारी खिडकी ठेवा, म्हणजे आग दारापाशी लागली तरी दुसरी वाट राहते. काम झालं की रात्री दिवे मालवून, पलंग उघडलेला असताना, घरातल्या प्रत्येकाला एकट्याने दार उघडून बाहेर यायला सांगा. मुलं असतील तर त्यांना आधी.

त्याच गंभीरपणे पेट्रोलचं बघा. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत साचते आणि नजरेला दिसत नाही. मुक्कामाला बाइक बाहेर काढून ट्रेलरच्या चौकटीला साखळीने बांधायची, दारं उघडी ठेवून आतली हवा बदलू द्यायची, मगच पलंग पाडायचा. पेट्रोलचे कॅन आत कधीच नाहीत. जमिनीलगत समोरासमोर दोन झरोके कापा आणि ते कायम उघडे ठेवा. बटणं, फ्यूजची पेटी, फ्रिज आणि इन्व्हर्टर शक्य तितकी वर बसवा, कारण ठिणगी वाफेच्या थरात पडता कामा नये. बॅटरी वजनामुळे खालीच राहणार, पण तिची पेटी बंदिस्त आणि बाहेर हवा सोडणारी करता येते. स्वयंपाकाचा गॅसही हवेहून जड, म्हणून त्याची टाकी बाहेर ट्रेलरच्या जिभेवर (कपलरकडे जाणाऱ्या पुढच्या दांड्यावर) बसवा आणि गळतीचा गजर आत जमिनीजवळ लावा. कार्बन मोनॉक्साइडचा गजर उशाच्या उंचीवर, धुराचा छताला. अग्निशामक दारापाशी, आत शिरताना हाताला लागेल असा. ऊब हवी म्हणून शेगडी पेटवून झोपणं जिवावर बेततं. हीटर घ्यायचाच तर जळणाची हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा घ्या, बाकीच्यांचा विचारही नको.

छताचा पंखा आणि खिडक्यांसाठी पत्रा कापायच्या आधी आतल्या पोलादी फासळ्या लोहचुंबकाने शोधा आणि बाहेरच्या दिव्यांच्या तारा कुठून जातात ते बघा. छताच्या पंख्याचं प्रचलित माप चौदा बाय चौदा इंच आहे, ते दोन फासळ्यांमध्ये बसतंय ना, तपासा. चौकटीखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), वरून छतासाठीचं आपोआप पसरणारं सीलंट. साधं सिलिकॉन नको: पुढे गळती झाली तर त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. कापलेल्या कडांचा पोलादी कीस त्याच दिवशी झाडून काढा, पहिल्या पावसात त्याचे गंजाचे डाग पडतात. इन्सुलेशन भरण्याआधी छतावर पाइपने चांगला अर्धा तास पाणी सोडा आणि आत टॉर्च घेऊन प्रत्येक कोपरा बघा. भिंत बंद झाल्यावर गळती शोधणं फार जिकिरीचं होतं.

इन्सुलेशनला बंद पेशींचे फोम बोर्ड घ्या. लोकरीसारखा माल ओल धरतो आणि पत्र्याआड कुजतो. श्वासातली वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन बसते, त्यामुळे बोर्डांच्या कडा स्प्रे फोमने बंद करा आणि उघड्या पोलादी फासळ्यांवर पातळ फोमची पट्टी चिकटवून मगच प्लाय लावा. तरीही रात्रभर वरचा पंखा मंद फिरता आणि खालचा झरोका उघडा हवाच.

विजेचा हिशोब वॉट-तासांत करा. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला ४०० ते ५०० वॉट-तास घेतो, पंखा रात्रभरात दोनशेच्या घरात, दिवे आणि फोन मिळून शंभराच्या आत. म्हणजे साडेसातशेच्या आसपास. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १२८० वॉट-तास असतात आणि ती दीड दिवस पुरते. तेवढ्याच लेड-अॅसिड बॅटरीतून निम्मंच वापरावं, म्हणजे एक दिवसही नाही, आणि वजन दुपटीहून जास्त. फक्त लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. कडक थंडीत जाणार असाल तर चार्जिंग आपोआप थांबवणारी किंवा स्वतःला गरम करणारी घ्या. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत. पत्र्यातून तार जिथे जाते तिथे प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं), कारण प्रवासाच्या थरथरीत पत्र्याची धार आवरण कापते.

पाणी, ओटा, पडदे, रंग याचं फार मनावर घेऊ नका. वीस लिटरचा कॅन आणि पायाने चालणारा पंप पुरतो, आणि काढता येणारी प्रत्येक वस्तू बसवलेल्या वस्तूपेक्षा बरी. कपाटांना प्रवासात उघडणार नाहीत अशा खिट्या मात्र हव्यात.

निघण्याच्या आठवड्यात चाकांकडे वळा. टायरवर चार आकडी संकेत असतो, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी कोरी दिसली तरी वय झालेला टायर बदलाच, ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हाने वाळतात. बेअरिंग उघडून ग्रीस बघा. दिवे, ब्रेक, कपलरखाली फुलीसारख्या बांधलेल्या साखळ्या, ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी तार, हे सगळं कुणाला तरी मागे उभं करून तपासा. झोपायची सोय केल्यावर ट्रेलरची नोंदणी आणि विमा बदलतो का, हे तुमच्या भागात लेखी विचारून घ्या. चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही.

मग बाइक, पाणी, अंथरूण, हत्यारं असं सगळं भरून गाड्यांच्या वजनकाट्यावर जा आणि वहीतल्या बेरजेशी पडताळा. तिथून घराजवळच एका रात्रीच्या मुक्कामाला निघा. पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा आणि हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावून बघा. हात टेकवता येत नाही इतका एखादा तापला असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय, तिथूनच परत फिरा. सकाळी उठल्यावर गादीची खालची बाजू आणि खिडकीखालचा कोपरा चाचपा, ओल असेल तर खालचे झरोके मोठे करावे लागतील. ऐंशी किलोमीटर झाले की टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळणारा पाना) घेऊन चाकांचे नट पुस्तिकेतल्या आकड्याला पुन्हा आवळा.