कॅडेट जागतिक ज्युदो: काटा आणि गी या दोन परीक्षांची तयारी

2022 मध्ये साराजेव्होत मणिपूरच्या लिंथोई चनंबमने 57 किलो गटात सुवर्ण जिंकलं. कोणत्याही वयोगटातलं ज्युदोच्या जागतिक स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक. त्याच कॅडेट गटात (15 ते 17 वर्षं) तुमच्या मुलाची किंवा मुलीची निवड झाली असेल, तर डाव शिकवायला प्रशिक्षक आहेतच. पण मॅटवर पाय ठेवण्याआधी वजनकाटा आणि गीची, म्हणजे ज्युदोच्या पोशाखाची, तपासणी ओलांडावी लागते, आणि या दोन्हींची तयारी घरीच होते.

वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं, बहुधा संध्याकाळी. नेमकी वेळ स्पर्धेच्या आउटलाइनमध्ये (माहितीपत्रकात) छापलेली असते. घोळ इथेच होतो. मुलं घरी सकाळी उपाशीपोटी काट्यावर उभी राहतात, 57 किलोच्या गटासाठी 56.8 दिसलं की निश्चिंत होतात. त्याच दिवशी खाऊनपिऊन संध्याकाळी सातला काटा सहज एक किलो पुढे गेलेला असतो. म्हणून निघण्याआधी तीन आठवडे रोज संध्याकाळी त्याच वेळेला, त्याच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. दोन किलोंहून जास्त उतरवावं लागणार असं दिसलं, तर प्रवेशिका भरण्याआधीच वरचा गट घ्या. वाढत्या वयातल्या पोराला उपाशी ठेवून मॅटवर पाठवू नये, हे आमचं ठाम मत आहे.

किलोभराचाच प्रश्न असेल तर शेवटच्या आठवड्यात लोणचं, पापड, फरसाण बंद करा, कारण मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. शेवटचे दोन दिवस भाकरी, उसळ, कोशिंबिरीऐवजी थोडा भात, अंडी, दही द्या. चोथा कमी गेला की पोटातलं ओझं कमी होतं. लांबच्या विमानप्रवासानंतर पाय सुजतात, काटा वर दिसतो. घाबरून जेवण तोडू नका, ते एक-दोन दिवसांत उतरतं.

अधिकृत काट्यावर एकदाच चढता येतं. त्याआधी अनधिकृत वजन हवं तितक्या वेळा करता येतं, ते जरूर करा. पासपोर्ट आणि ओळखपत्र सोबत लागतं. कॅडेट मुलांना अंतर्वस्त्रं काढायची परवानगी नसते, त्याबदल्यात 100 ग्रॅमची सूट मिळते.

लघवी जास्त होण्याची गोळी कुणीही सुचवली तरी देऊ नका, ती डोपिंगच्या बंदी यादीत आहे. सलाईनचंही तसंच: रुग्णालयातल्या खऱ्या उपचारांखेरीज 12 तासांत 100 मिलीपेक्षा जास्त सलाईन घेणं हा नियमभंग आहे. ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावू’ ही आपली घरगुती सवय इथे चालत नाही. वजन झाल्यावर ओआरएस पाकिटावरच्या मापाच्या पाण्यातच कालवा, घट्ट केलं तर पोट बिघडतं. घोट घोट प्यायला द्या, मग केळं, अर्ध्या तासाने मऊ वरणभात. तळलेलं नको.

आता गी. पांढरी आणि निळी दोन्ही लागतात, दोन्हींवर आंतरराष्ट्रीय महासंघाचं लाल लेबल हवं. नवी कोरी गी तशीच बॅगेत भरणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण जाड सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत आखडतं. आधी थंड पाण्यात तीनदा धुवा, निळी वेगळी धुवा, मग शिंप्याची टेप घ्या. हात समोर जमिनीला समांतर ताठ धरल्यावर बाहीने मनगटासकट पूर्ण हात झाकला पाहिजे. बाही आणि हात यांच्यात 10 ते 15 सेंटिमीटर जागा हवी. छातीवर दोन्ही बाजू एकमेकींवर किमान 20 सेंटिमीटर याव्यात. पायजमा घोट्याच्या वर 5 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. पट्ट्याची टोकं गाठीपासून 20 ते 30 सेंटिमीटर. पाठीवरचा नावाचा कपडा चारी कडांनी शिवाच, पण दोन्ही कर्णांवरूनही टीप मारा, नाहीतर मधला भाग फुगून प्रतिस्पर्ध्याच्या मुठीत येतो. मुलींना आत पांढरा, गोल गळ्याचा, अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट लागतो.

ही स्पर्धा साधारणपणे ऑगस्टमध्ये येते, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसाळ्यात तयारी. गीची कॉलर सर्वांत शेवटी वाळते. बाकी गी कोरडी वाटली तरी कॉलर दोन बोटांत दाबून बघा, गार लागली तर ती ओलीच आहे. तशीच घडी घातली की कुबट वास येतो, आणि वास येणारी गीसुद्धा नियमात बसत नाही. दोनदा पिळून पंख्याखाली, कॉलर उलगडून वाळवा.

तपासणीत गी नापास झाली तर राखीव गी घालावी लागते आणि प्रशिक्षकाला मॅटशेजारच्या खुर्चीवर बसू देत नाहीत. पंधरा वर्षांचं मूल परक्या देशात, परक्या कपड्यात, एकटं उभं राहतं. त्यामुळे हे माप निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा घ्या. नखं कापलेली, केसांच्या रबराला धातू नाही, हेही तेव्हाच बघा.

नियमांतली एक गोष्ट मुलाकडून पक्की करून घ्या: 2025 पासून यूको (सर्वांत छोटा गुण) परत आला आहे. जमिनीवरची पकड 5 सेकंद टिकली की यूको, 10 ला वाझा-आरी (अर्धा गुण), 20 ला इप्पॉन (पूर्ण गुण, लढत तिथेच संपते). दोन वाझा-आरींचा इप्पॉन होतो, पण यूको कितीही झाले तरी त्यांचा वाझा-आरी होत नाही. चार मिनिटांत निकाल लागला नाही तर गोल्डन स्कोअरमध्ये (पहिला गुण घेणारा जिंकतो अशा जादा वेळेत) मात्र तोच एक यूको लढत संपवतो. जुन्या सवयीने पाच सेकंदांच्या आत पकड सोडणारं मूल यूको घालवतं, आणि पाच-सहा सेकंदांनी पकडीतून सुटणारं मूल तो देऊन बसतं, म्हणून सरावात घड्याळ लावून पकडी मोजा.