पूरपट्ट्यातल्या दिव्यांगांची यादी: आपत्ती व्यवस्थापनात नव्यानं येणाऱ्यांसाठी

कृष्णा-पंचगंगेच्या पूरपट्ट्यात काम सुरू केलं की गावातल्या दिव्यांगांची यादी हातात पडते. नाव, वय, प्रकार, टक्केवारी. प्रमाणपत्रापुरती ती ठीक, पुरात निकामी. ‘अस्थिव्यंग, ६० टक्के’ एवढ्यावरून तो माणूस स्वतः जिना उतरतो की चौघांनी उचलावा लागतो, हे कळत नाही.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ८ नुसार दिव्यांगांची नोंद ठेवणं आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवणं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर बंधनकारक आहे. तेव्हा नवी यादी करणं उपकार नव्हे. ती मे महिन्यातच करा. आधी ग्रामपंचायतीच्या ५ टक्के दिव्यांग निधीचे लाभार्थी, मग संजय गांधी निराधार योजनेतली नावं, मग आशाताईंना घेऊन घरोघर. प्रमाणपत्र नसलेले आणि घरचे ज्यांच्याबद्दल बोलत नाहीत असे मनोरुग्ण या घरोघरच्या फेरीतच सापडतात. प्रत्येक नावापुढे लिहा: बाहेर काढायला किती माणसं लागतात, पायऱ्या किती, व्हीलचेअर दारातून निघते का, औषधं कोणती, दिवसा घरी कोण असतं. शेवटचा प्रश्न बरेच जण गाळतात. पाणी दुपारी चढतं तेव्हा घरचे कामावर असतात.

कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. यादीतली माणसं इशारा पातळीलाच हलवायची, सगळ्या गावाबरोबर नाही. रस्ता कोरडा असेल तर अंथरुणाला खिळलेला माणूस गादीसकट टेम्पोतून जातो. रस्ता बुडाला की बोटच उरते, आणि घाईत बोटीत माणसं जास्त होतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, हे विसरू नका. बोटीत कुणालाही व्हीलचेअरला पट्ट्यानं बांधू नका. बोट कलंडली तर खुर्ची त्याला खाली ओढते. लाइफ जॅकेट घालून, पाठीला आधार देऊन तळाशी बसवा. खुर्ची मात्र मागाहून नक्की पोहोचवा, नाहीतर निवाऱ्यात तो माणूस एका जागी खिळतो.

भोंगा आणि दवंडी कर्णबधिरांसाठी नाहीत. त्यांच्या घरी जाणारा शेजारी आधीच ठरवा, आणि एक जोडीला राखीव. अंध व्यक्तीला ओढू नका. आपलं नाव सांगा, तिला तुमचं कोपर धरू द्या, पांढरी काठी तिच्याच हाती असू द्या.

निवारा बहुधा जिल्हा परिषदेची शाळा असते. तळमजल्यावरची एक खोली राखून ठेवा. उतार १:१२ हवा, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट फळी. खरी अडचण संडासाची. तो लांब, पायऱ्यांवर, ओला असला की माणसं जायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत, आणि मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. कमोड खुर्ची मिळाली नाही तर प्लॅस्टिकच्या भक्कम खुर्चीच्या बैठकीला भोक पाडून काम भागतं. काठ घासून गुळगुळीत करा. संवेदना नसलेल्यांना नुसत्या सतरंजीवर झोपवलं तर जखमा होतात. गादी द्या, दर दोन तासांनी कूस बदला. कॅथेटर, लघवीची पिशवी, श्रवणयंत्राचे सेल जादा ठेवा.

रंगीत तालमीत गावातले दिव्यांगच हवेत, त्यांचं सोंग घेतलेले स्वयंसेवक नकोत. कुठं उचललं तर दुखतं हे तेच सांगतात. यादीची छापील प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात पोलीस पाटलांकडे असू द्या, कारण वीज गेली की मोबाइलही काही तासांत बंद पडतात.