पहिला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेताना या चुका टाळा: निकॉन डी३५०० की कॅनन १५००डी?

बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्री निघते. त्या रात्रीसाठी मी डी३५०० ला सेकंडहँड ५० एमएम १.८डी लेन्स लावली. स्क्रीनवर 'एफईई' ही चूक दाखवणारी अक्षरं आली. लेन्सची ॲपर्चर रिंग (उजेड आत येण्याचं भोक लहान-मोठं करणारी कडी) २२ वर लॉक केल्यावर ती गेली, पण फोकससाठी बटण अर्धं दाबलं तरी लेन्स ढिम्म. चित्ररथ पुढे सरकत होता आणि मी हाताने फोकस रिंग फिरवत बसलो. मावळ्यांच्या वेशातली पोरं सगळी धूसर आली, त्याची हळहळ अजून आहे.

डी३५०० च्या बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात, फोकसची मोटर नसते. म्हणून निकॉनच्या लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी (म्हणजे लेन्समध्येच मोटर) लिहिलंय का, ते बघूनच पैसे द्या. एएफ-एस ५० एमएम १.८जी घेतली असती तर काम झालं असतं. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्समध्ये मोटर लेन्सच्या आतच असते, त्यामुळे १५००डी वाल्यांना ही अडचण येत नाही.

मेगापिक्सलवरून वाद घालू नका, एकाचे २४.२, दुसऱ्याचे २४.१. खरा फरक वेगळाच आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार निकॉनची बॅटरी १५५० फोटो चालते, कॅननची ५००. कुस्तीच्या मैदानात निकॉन सेकंदाला ५ फोटो काढतो, कॅनन ३. पण कॅननला वाय-फाय आहे. निकॉनला फक्त ब्लूटूथ, त्यावरून मोबाइलवर लहान आकाराचेच फोटो येतात. बाहेरचा माइक जोडायची सोय दोघांनाही नाही, तेव्हा व्हिडिओच करायचा असेल तर या दोघांच्या नादी लागू नका.

सगळे पैसे बॉडीत घालणं ही मोठी चूक. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किटची १८-५५ लेन्स झूम केल्यावर ५.६ वर अडते (हा ॲपर्चरचा आकडा, जितका लहान तितका उजेड जास्त), १.८ ची लेन्स तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. गणपतीच्या मंडपात हा फरक लगेच दिसतो. माझं मत विचाराल तर मामा, मित्र किंवा गल्लीतला लग्नाचे फोटो काढणारा दादा यांच्याकडे कुठल्या कंपनीच्या लेन्स आहेत ते बघा आणि तीच कंपनी धरा. मागून आणलेली लेन्स लागली पाहिजे ना!

डी३५०० आता कंपनी बनवत नाही, म्हणजे बहुतेकदा सेकंडहँडच मिळणार. निकॉनच्या मूळ जेपीजी फाइलमध्ये शटर किती वेळा उडालंय, म्हणजे कॅमेऱ्याने किती फोटो काढलेत, तो आकडा असतो, तो मागून घ्या. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात वापरलेली लेन्स असेल तर तिच्या मागच्या बाजूने मोबाइलची टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असली तरी परत द्या.