आठवी-नववीच्या मुलांचा वर्ग सांभाळताना या चुका टाळा

आठवी-नववीतला मुलगा उलट बोलला की शिक्षकाला वाटतं, हा मला बोलला. खरं तर तो मागच्या दोन बाकांना ऐकवत असतो. मित्र हसले का, कोणी ‘भारी!’ म्हणालं का, याकडे त्याचे कान असतात. मुलांच्या वर्गातली बरीचशी बेशिस्त या प्रेक्षकांवर पोसते, आणि ते प्रेक्षक त्याला अनेकदा आपणच गोळा करून देतो.

सगळ्यांसमोर झाडणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. “ए, उभा राहा. काय बोललास? परत बोल!” हे एकदा तोंडातून गेलं की दोघंही अडकतात. त्याने माघार घेतली तर मधल्या सुट्टीत त्याची टर उडणार. तुम्ही घेतली तर उद्या आणखी चौघे बोलून बघणार. मग आवाज चढतो, “वर्गाबाहेर हो” येतं, आणि बाहेर गेलेला पठ्ठ्या खिडकीतून अख्ख्या वर्गाला हसवत बसतो.

त्याऐवजी शिकवणं न थांबवता त्याच्या बाकापाशी जा. वहीवर बोट ठेवून हळू आवाजात एवढंच सांगा, “तिसरं गणित सोडव, दोन मिनिटांत बघतो.” आणि तिथून निघून जा. हे निघून जाणं फार कामाचं. डोक्यावर उभं राहिलात तर तो मुद्दाम पेन उचलणार नाही; तुमची पाठ वळली की पुटपुटत का होईना, उचलेल. पुटपुटू द्या. गणित सुटतंय ना, मग त्या पुटपुटण्याचा हिशेब मांडू नका.

तोंडावर “नाही करणार” म्हणालाच, तर “बरं, तासानंतर बोलू” म्हणून पुढचं उदाहरण घ्या. तास संपल्यावर मात्र खरोखर बोला, नाहीतर पुढच्या वेळी त्या वाक्याला कोणी विचारणार नाही. दाराशी घुटमळणारे त्याचे मित्र आधी पिटाळा. “असं का केलंस?” हा प्रश्न वाया जातो, त्याचं उत्तर “काही नाही सर” एवढंच असतं. “उद्या माझ्या तासाला कुठे बसलास तर तुझं काम होईल?” असं विचारा. याचं उत्तर मुलं बऱ्यापैकी प्रामाणिकपणे देतात.

फळ्यावरची नावं

शिक्षक यायला उशीर होणार म्हणून मॉनिटरच्या हाती खडू द्यायचा आणि बोलणाऱ्यांची नावं लिहायला लावायची, ही प्रथा अजून जोरात आहे. नावापुढे फुल्या वाढत जातात आणि पाच फुल्यांचा मानकरी कोण, याचीच चढाओढ लागते. मॉनिटर दोस्तांची नावं पुसतो, बाकीच्यांची ठेवतो. ते भांडण मग मैदानावर मिटवलं जातं. मॉनिटरला वह्या गोळा करू द्या, नकाशा आणू द्या, पोलिसगिरी देऊ नका. उशीर होणार असेल तर आदल्या तासालाच पाच ओळींचं काम सांगून ठेवा आणि आल्याबरोबर ते तपासा.

“जा, मुलींच्या रांगेत बस”

वर्ग हसतो, मुलगा लाल होतो, आणि काम झालं असं वाटतं. ज्या मुलीशेजारी त्याला बसवलं तिला कोणी विचारलेलं नसतं. ती कोणाची तरी शिक्षा ठरते, आणि मुलीशेजारी बसणं ही नामुष्की आहे हे चाळीस जण शाळेतच शिकतात. “मुलीसारखा रडतोस काय” हेही त्याच पठडीतलं. मुलंमुली एकत्र बसवायची असतील तर जूनमध्येच, सगळ्यांना, हजेरी क्रमांकाने बसवा; म्हणजे त्यात शिक्षा उरत नाही.

पीटीचा तास कापणं ही तर मला निव्वळ आत्मघाताची सोय वाटते. जो सर्वांत जास्त चुळबुळतो त्याचंच पळणं बंद, आणि पुढचे तास त्याच वर्गावर आपल्यालाच घ्यायचे! दोघांच्या खोडीसाठी सगळ्या वर्गाला थांबवून ठेवणंही असंच. निमूट बसलेली मुलं त्या दिवसापासून तुमच्या बाजूची राहत नाहीत.

मारण्याबद्दल वाद घालायला जागाच नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे, आणि ती मोडणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. अंगठे धरायला लावणं किंवा घरच्या परिस्थितीवरून टोमणे मारणं म्हणजे ‘मारलं तर नाही ना’, या भ्रमात राहू नका.

ऊठसूट पालकांना बोलावणं

रोजंदारीवर जाणाऱ्या आईचा शाळेत आल्याने दिवस बुडतो. वडील आले तर कधी व्हरांड्यातच हात उचलतात, आणि ते बघायला पुन्हा वर्ग जमतो. पहिला फोन चांगल्या गोष्टीसाठी करा: वही पूर्ण केली, भांडण सोडवलं, काहीही. तक्रारीचा फोन नंतर करावा लागला तर पलीकडचा माणूस ऐकून घेतो.

एवढं करूनही एखादा शांत होत नसेल, तर तो नेमका कधी बिघडतो याची आठवडाभर नोंद ठेवा. फक्त फळ्यावरून उतरवून घेताना गडबड करत असेल तर डोळे तपासायला हवेत. दिसत नाही हे मित्रांसमोर सांगण्यापेक्षा टवाळखोर ठरणं त्याला सोपं जातं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी ठरलेली आहे. पथक येईल तेव्हा त्याचं नाव डॉक्टरांना आधीच, बाजूला घेऊन सांगा. तोवर त्याला पुढच्या बाकावर घ्यायचं असेल तर आणखी दोघांच्या जागा त्याच दिवशी बदला.