सिक्वेन्स दोन गटांत कसा बसवावा

सिक्वेन्स म्हणजे काही सणांच्या मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) गायचं लॅटिन स्तोत्र. तो बसवताना आधी कडव्यांच्या जोड्या पाहा. सहसा दोन कडव्यांना एक चाल असते, पुढच्या दोनांना नवी. पेन्टेकॉस्टच्या (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाच्या) ‘वेनी सांक्ते स्पिरितुस’ची कडवी 10, चाली मात्र 5. कडव्यात 3 ओळी, ओळीत 7 अक्षरं. त्यामुळे 1, 3, 5, 7 आणि 9 ही कडवी पक्की झाली की फक्त शब्द पाठ करायचे उरतात.

विषम कडवी एका गटाला द्या, सम दुसऱ्याला. गडबड होते ती सांध्यावर. पहिला गट थांबल्यावर दुसरा श्वास घेतो, मध्ये खंड पडतो आणि पट्टी उतरते. श्वास समोरच्यांच्या शेवटच्या शब्दावरच घ्यायचा. तालमीत नुसते सांधे, म्हणजे एका कडव्याची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली, पुन्हा पुन्हा गाऊन घ्या. नव्या चालीवर जाताना अडखळणं याच सरावाने सुटतं.

चौरेषी लेखनात (चार रेषांवरच्या जुन्या स्वरलिपीत) पट्टी बांधलेली नसते. सर्वांत वरचा स्वर आधी शोधा, तो सगळ्यांना सहज लागेल अशी पट्टी धरा. पहिल्या ओळीच्या सोयीने धरलेली पट्टी मधल्या कडव्यांत घसा ताणते.

लॅटिन उच्चारांत मराठी गायकाला एक फायदा आहे, तो घ्यावा. ‘चेलितुस’मधला च ‘चार’सारखा, ‘सोलात्सियुम’मधला त्स म्हणजे ‘चूल’मधला च.

ईस्टरचा ‘विक्तिमे पास्काली’ वेगळा आहे. पहिलं चरण (कडवं) एकटंच असतं, ते सर्वांनी किंवा एकट्या गायकाने गावं. पुढे ‘दिक नोबिस मारिया’ हा प्रश्न आणि मरिया मग्दलेनेचं उत्तर एकाच चरणात येतात. केवळ जोड्यांनी वाटणी केली तर विचारणारे आणि सांगणारे तेच! प्रश्न गटाला द्या, उत्तर एका आवाजाला, फार खुलतं. शेवटच्या ‘शीमुस’ चरणाचं जोडीदार चरण 1570च्या मिस्साग्रंथात वगळलं गेलं, म्हणून ‘शीमुस’ सर्वांनी मिळून गावं.

सध्याच्या नियमाप्रमाणे सिक्वेन्स आलेलुयाच्या (शुभवर्तमान वाचण्यापूर्वीच्या जयघोषाच्या) आधी येतो; जुन्या विधीत नंतर. सक्ती फक्त ईस्टर आणि पेन्टेकॉस्टला. ख्रिस्तशरीराच्या सणाचा (कॉर्पस क्रिस्ती) ‘लाउदा सियोन’ 24 कडव्यांचा आहे. तयारी कमी असेल तर ‘एक्के पानिस’पासूनची शेवटची 4 गायली तरी चालतात.