मराठवाड्यातून नियमित उघडावीत अशी मोजकी संकेतस्थळे

‘जायकवाडीचे दरवाजे उघडले’ असा निरोप गावाच्या व्हॉट्सॲप गटावर येतो, तेव्हा तो आजचा आहे की गेल्या वर्षीचा, हे सांगायला कोणीच पुढे येत नाही. त्यामुळे अशा बातम्यांचे मूळ ज्या संकेतस्थळांवर असते, ती स्वतः उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावी. सात-आठ संकेतस्थळे पुरेशी होतात. प्रत्येक संकेतस्थळ एकदा क्रोममध्ये उघडून, कोपऱ्यातील तीन ठिपक्यांच्या यादीतून ‘होम स्क्रीनवर जोडा’ हा पर्याय निवडावा, म्हणजे दर वेळी शोध घेताना जाहिरातींतून वर आलेल्या नकली पानावर बोट पडण्याचा धोका उरत नाही.

पावसाळ्यात सर्वांत आधी जलसंपदा विभागाचे पान पाहावे. येथे धरणांचा दैनंदिन साठा मिळतो. मात्र आकडा वाचण्याआधी त्याची तारीख आणि एकक पाहणे आवश्यक आहे. जायकवाडीचा एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर असला, तरी त्यातील ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा आहे, आणि टक्केवारी उरलेल्या २,१७१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठ्यावर काढली जाते. म्हणून ‘शून्य टक्के’ याचा अर्थ धरण कोरडे पडले असा होत नाही. दुसरे असे की, पैठणला आभाळ निरभ्र असतानाही नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरू शकतो, कारण त्यात येणारे बरेचसे पाणी नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून सुटते. म्हणून गंगापूर, दारणा, भंडारदरा व मुळा या धरणांचे आकडे आणि नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून सुरू असलेला विसर्ग हेही पाहावे. विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटते त्यात, दिलेला असतो. साधारण ११,५७४ क्युसेकचा प्रवाह दिवसभर चालला, तर एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी होते. एवढा एक हिशेब पाठ असला, की बातमीतील निम्मा गोंगाट आपोआप गळून पडतो.

भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर ‘मराठवाडा’ हा स्वतंत्र उपविभाग आहे आणि जिल्हावार इशारे रंगांनी दाखवलेले असतात: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. हा झाला अंदाज. प्रत्यक्ष किती पाऊस पडला ते कृषी विभागाच्या ‘महारेन’वर महसूल मंडळनिहाय पाहता येते. एका दिवसात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तर अतिवृष्टी धरली जाते, त्यामुळे नुकसान झाले असल्यास आपल्या मंडळाचा आकडा त्याच दिवशी उतरवून ठेवावा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला फवारणीचे नियोजन करण्यापूर्वी वाचावा.

बाजारभावासाठी राज्य कृषी पणन मंडळाचे संकेतस्थळ आहे. येथे किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात, आणि बहुतेकांची नजर कमाल दरावरच खिळते. मीही एकदा त्या दरावर भरवसा ठेवून सोयाबीन घेऊन गेलो आणि भाड्याचे पैसे पदरचे घालून परतलो. सर्वसाधारण दर आणि आवक हे दोनच रकाने आधी पाहावेत.

महाभूलेख या राज्याच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावरील विनास्वाक्षरी सातबारा केवळ माहितीपुरता असतो. कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा पंधरा रुपये भरून घ्यावा लागतो. त्याहून अधिक दुर्लक्षित, परंतु माझ्या मते अधिक महत्त्वाचे पान ‘आपली चावडी’ हे आहे. आपल्या गावातील फेरफारांच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदींतील बदलांच्या, नोटिसा तेथे लागतात आणि हरकतीसाठी पंधराच दिवस मिळतात, म्हणून महिन्यातून किमान दोनदा गाव निवडून आपला गट क्रमांक तपासावा. पुणे-मुंबईत नोकरी करणाऱ्यांनी तर हे पान चुकवूच नये.

कामाचे झाल्यावर मराठी विश्वकोश उघडावा. संध्याकाळी एक नोंद, एवढे प्रमाण ठेवले तरी वर्षभरात बरेच वाचून होते. जुन्या नोंदी ज्या काळी लिहिल्या गेल्या, त्या काळचेच आकडे व सीमा त्यांत आहेत, हे मात्र ध्यानात ठेवावे. लातूर जिल्हा १९८२ साली आणि हिंगोली १९९९ साली वेगळा झाला. त्यामुळे लातूरची जुनी माहिती हवी असेल तर उस्मानाबाद जिल्ह्याची नोंद आणि हिंगोलीसाठी परभणी जिल्ह्याची नोंद उघडावी.